जीप ‘फोर बाय फोर’ केली, पण स्टेअरिंगचं काय? वेल्डिंग कुठं चालतं, कुठं नाही

डोंगरी तालुक्यांत पावसाळ्यात टू-व्हील जीप चिखलात रुतली की मागची चाकं जागेवरच गरगरतात. मग मालक भंगार बाजारातून फोर बाय फोरचा पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस उचलतो आणि गाडी गॅरेजला लावतो. इंजिन-गिअरबॉक्सचं काम बघायला चार जण जमतात. स्टेअरिंगचे दांडे मात्र शेवटी, घाईत, असेल त्या पाइपातून बनतात. घाटात गाडी दगा देते ती बहुतेक या दांड्यांमुळेच, कारण इथं दुसरा आधार नसतो. ब्रेक गेला तर हँडब्रेक तरी आहे. टायरॉड सुटला तर हातात नुसतं चाक उरतं.

जुन्या जीपमध्ये स्टेअरिंग बॉक्समधून पिटमन आर्म निघतो, तो ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक चाकाच्या नकलवरचा आर्म फिरवते आणि टायरॉड दोन्ही चाकं जोडून ठेवतो. टू-व्हील गाडीत पुढचा एक्सल म्हणजे नुसता लोखंडी दांडा. फोर बाय फोरच्या एक्सलला मधे डिफरन्शियलचा फुगीर भाग येतो, त्याला चुकवण्यासाठी बॉडी पाट्यांवर वर उचलावी लागते. बॉडी वर गेली, बॉक्स वर गेला, एक्सल खालीच राहिला. ड्रॅग लिंक तिरकी झाली, आणि खरी गोम इथंच आहे.

हिशेब सोपा आहे. आडवी टाकलेली ड्रॅग लिंक 600 मिमी लांब धरा. ती सपाट असेल आणि खड्ड्यात चाक 50 मिमी वर आलं, तर तिचं टोक बाजूला जेमतेम 2 मिमी सरकतं. हीच लिंक आधीच 150 मिमी खाली झुकलेली असेल, तर तेवढ्याच खड्ड्यात टोक 10 मिमीहून जास्त सरकतं. नकलचा आर्म 150 मिमीचा असेल तर चाक सुमारे चार अंशांनी आपोआप वळतं. ड्रायव्हरनं हात न हलवता! ‘गाडी एका बाजूला खेचते’ म्हणून नुसतं अलाइनमेंट करत बसणारे इथंच फसतात.

उपाय दोन. खाली झुकलेला पिटमन आर्म बसवायचा, नाहीतर नकलवरचा आर्म वर घ्यायचा, म्हणजे लिंक पुन्हा सपाट होते. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण झुकलेला आर्म जितका लांब तितका बॉक्सच्या शाफ्टवर पीळ जास्त.

आता लेथवाल्याचं काम. टायरॉडसाठी जाड भिंतीचा सीमलेस पाइप घ्यावा. पाण्याचा जीआय पाइप अजिबात नको. पाइपात आटे पाडलेले बुश घालून वेल्डिंग करता येतं, पण बुश पाइपात खोलवर घट्ट बसलेला हवा, नुसता तोंडाशी चिकटवलेला नव्हे. एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. मग पाइप फिरवला की लांबी कमी-जास्त होते आणि टो-इन जागेवरच सेट करता येतं. टायरॉड एंडचे आटे आत निदान व्यासाच्या दीडपट गेले पाहिजेत, म्हणजे 20 मिमीच्या आट्याला 30 मिमी. वरून लॉकनट हवाच.

टायरॉड एंडची पिन निमुळती असते. काहींचा उतार 1:8, काहींचा 1:10. आर्मचं भोक तेवढ्याच उताराच्या रीमरनं करावं लागतं. सरळ ड्रिल मारून नट आवळला तर पिन आत हलत राहते आणि एक दिवस मानेतून तुटते. पिनला मार्किंग ब्लू लावून भोकात फिरवून बघावी. रंग सगळीकडे सारखा उठला तर ठीक. नटला कॉटर पिन नवीच घालावी, दहा-वीस रुपयांत कसली काटकसर?

पिटमन आर्मला वेल्डिंग नकोच

हा आर्म फोर्जिंग करून, उष्णता-प्रक्रिया देऊन बनवलेला असतो. आर्क मारला की जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि बारीक तडे धरतं. गॅसनं लाल करून वाकवला तरी ती प्रक्रिया निघून जाते. वरून जोड चकचकीत दिसतो, म्हणून मालकाचा विश्वास बसतो. नवा आर्म लागणार असेल तर ईएन 24 सारख्या पोलादाच्या ठोकळ्यातून कापून घ्यावा आणि नंतर उष्णता-प्रक्रिया करून घ्यावी. पाइप-बुशचा जोडही डाय पेनिट्रंटनं तपासून घ्यावा: लाल रंग लावून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तर लाल रेघ उमटते.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी एक चाक जॅकवर पूर्ण वर घेऊन स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं. लिंक हाऊसिंगला किंवा पाट्यांना घासता कामा नये. लॉक स्टॉपचे बोल्टही लावावेत, नाहीतर पूर्ण वळणावर एक्सलमधल्या क्रॉसवर जोर येतो.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ (4) मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे एक्सल विकत घेण्याआधीच आरटीओत विचारून घेतलेलं बरं. अपघात झाला तर विमा कंपनीही पहिल्यांदा आरसी आणि गाडी यांचा मेळ लावून बघते.