फवारणीची विषबाधा: दवाखान्याआधी कपडे का उतरवायचे?

कपाशी डोक्याला लागली की फवारा पिकावर कमी आणि माणसावर जास्त पडतो. उमापूर आणि गेवराई तालुक्यातल्या कापूसवाल्यांना हे सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही उंच वाढलेल्या कपाशीची चर्चा झाली होती.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे आणि युद्धातला सरीन वायू एकाच कुळातले. १९३६ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते. हाती लागले टाबून, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारे युद्धविष. जोर कमी-जास्त, पण काम तेच: नसांचा संदेश थांबवणारे एन्झाइम बंद पडते. मग लाळ, घाम, उलट्या, टाचणीएवढ्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू. शेवटी छातीत पाणी भरून श्वास कोंडतो.

विष कातडीतूनही आत जाते. भिजलेला सदरा अंगावर असेपर्यंत ते जातच राहते. म्हणून १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत कपडे, पट्टा, चपला काढा. चामडे विष धरून ठेवते. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवा, पण खसाखसा घासू नका. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडला गेला, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेने दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला होता. विष पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. ते फुप्फुसात जाऊ शकते. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवा.

औषधाची बाटली सोबत न्याच. यवतमाळमध्ये अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती आणि प्रत्येक विषावर एकच उतारा चालत नाही.

या गटावरचा मुख्य उतारा ॲट्रोपिन. छाती मोकळी होईपर्यंत दर काही मिनिटांनी डोस दुप्पट करत देतात. बाहुल्या मोठ्या झाल्या एवढ्यावर थांबत नाहीत. सोबत प्रालिडॉक्सिम दिले जाते. युद्धविषावर ते लवकर दिले तर उपयोगी, कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. झटके आल्यास डायझेपाम, गरज पडल्यास व्हेंटिलेटर.

दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून चहा मागतो आणि घरचे सुट्टीची घाई करतात. पण एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे, श्वासाचे स्नायू ढिले पडणे असा दुसरा झटका येऊ शकतो. तेवढे दिवस त्याला दवाखान्यातच राहू द्या.