मुरघास : चारा आंबवल्याने टिकतो, त्याचा कस वाढत नाही

परभणीच्या काळ्या रानात जनावरांचा उन्हाळा वर्षानुवर्षं ज्वारीच्या कडब्यावर निघत आला. आता जोडीला मका, कडवळ आणि नेपियर गवताचा मुरघास आला आहे. त्याबरोबर एक महागात पडणारा गैरसमजही आला, तो म्हणजे चारा आंबवला की त्याचा कस वाढतो. वस्तुस्थिती तशी नाही. दाबून भरलेल्या कुट्टीतली हवा संपली की काही जिवाणू चाऱ्यातलीच साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू 4 च्या आसपास उतरला की कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. आंबण्याचं काम एवढंच, राखणदारीचं. त्याची मजुरी चाऱ्यातूनच जाते. लॅक्टिक जिवाणू ती फार थोडी घेतात. पण हवा राहून यीस्ट माजलं, तर त्याने खाल्लेल्या साखरेचं जवळजवळ निम्मं वजन वायू होऊन उडून जातं.

यावर कुणी म्हणेल, गुळाचं पाणी शिंपडलं, जिवाणूंचं कल्चर टाकलं, तर निबर चाराही सुधारेल. नेपियरमध्ये साखर कमी आणि पाणी जास्त असतं, त्यामुळे तिथे गुळाचा उपयोग होतो, हे खरं. पण गूळ जिवाणूंचं खाद्य आहे. लाकडासारखं झालेलं धाट त्याने मऊ होत नाही. वाळलेल्या कडब्यात तर ना पुरेसा ओलावा, ना साखर. त्याच्यासाठी युरिया प्रक्रिया हा वेगळा मार्ग आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा समज असा की आंबट मुरघासाने दूध आंबतं. जनावराच्या पहिल्या पोटातले जिवाणू लॅक्टिक आम्लाचं बरंचसं प्रोपिओनिक आम्ल करतात आणि यकृत त्यापासून ग्लुकोज बनवतं. दुधातली साखर तयार होते ती ग्लुकोजपासूनच. मुरघास एकदम भरपूर न घालता आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावा, एवढंच पथ्य. आंबूस वास आणि पिवळसर हिरवा रंग ही चांगल्या मुरघासाची खूण. खवट लोण्यासारखा वास आला, तर चारा फार ओला भरला गेला आणि त्यातल्या प्रथिनांची नासाडी झाली असं समजावं. बुरशी लागलेला भाग मात्र काढून फेकावाच. तिची विषं दुधातही उतरू शकतात.

खरा आक्षेप दाण्याचा आहे. ज्वारी हुरड्यात असताना कापायची, तर घरात धान्य कुठून येणार? ‘परभणी मोती’सारखं रब्बी वाण दाण्याकडब्यासाठीच राहावं. मुरघासासाठी मका किंवा कडवळाचं वेगळं रान ठेवावं आणि दाणा चिकातून हुरड्याकडे झुकला की कापावं. तेव्हा ओलावा 65 ते 70 टक्क्यांवर येतो. कुट्टीची मूठ घट्ट दाबून पाहा. बोटांतून पाणी निथळलं, तर चारा थोडा सुकू द्यावा. मूठ उघडताच गोळा लगेच भुगा होऊन सांडला, तर उशीर झाला. गोळा सावकाश उलगडला, की त्याच दिवशी तुडवून, दाबून, हवाबंद करावा. मुरघासाचा कस ठरतो तो याच दिवशी. पुढचे 45 दिवस फक्त तो जपतात.