पोटगी आणि पत्ता

हिंगोली जिल्ह्यातील एका शाखेत कार्यरत असताना एक भगिनी दर महिन्याच्या दहा तारखेला पासबुक भरून घेण्यास येत असत. न्यायालयाने त्यांच्या मुलास पोटगी मंजूर केली होती. चार महिने रक्कम जमा झाली, पुढे थांबली. मुलाचे वडील चाकणला कंत्राटी कामावर होते. काम सुटले, खोली बदलली, मोबाइल क्रमांकही बदलला. वसुलीचे वॉरंट ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्यासह परत आले. मुलगा त्या वर्षी दहावीत होता.

रोजगारासाठी गाव सोडणे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. मात्र नवा पत्ता न्यायालयास कळवावा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 14-अ नुसार पक्षकाराने दिलेला पत्ता त्याचा नोंदणीकृत पत्ता ठरतो. तो रीतसर बदलेपर्यंत समन्स व दरखास्तीच्या नोटिसा तेथेच जातात. अंतिम निकालानंतरही दोन वर्षे तोच ग्राह्य धरतात. पत्ता खोटा आढळल्यास वादीचा दावा स्थगित होऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू असल्याने त्यांखालील दाव्यांत हा नियम आपणांसही बांधतो.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील पोटगीचा अर्ज 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली चालतो. पूर्वीचे कलम 125 ते हेच. समन्स हेतुतः चुकविणाऱ्याविरुद्ध एकतर्फी सुनावणी होऊ शकते. तसा आदेश सबळ कारण दाखवून रद्द करून घेण्यास तीन महिन्यांचीच मुदत असते. त्याहून महत्त्वाचे असे, की थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला नाही, तर तिच्या वसुलीचे वॉरंट निघत नाही. पत्ता शोधण्यात गेलेले महिने या वर्षातूनच जातात.

नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी उभय पक्षांना मालमत्ता व दायित्वाचे शपथपत्र बंधनकारक केले. त्याच्या नमुन्यात सध्याचा निवासाचा पत्ताही विचारला आहे.

हे कर्तव्य एकट्या पित्याचे नाही. माता माहेरी किंवा भावाकडे राहावयास जाते, पोटगी कमी करण्याच्या अर्जाची नोटीस जुन्या घरी जाते आणि तारीख निघून जाते. खात्याचेही तसेच. 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबादचे विलीनीकरण झाल्यावर मराठवाड्यातील शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. असा बदलही दुसऱ्या पक्षास लेखी कळवलेला बरा. प्रकरण क्रमांक, नवा पत्ता व मोबाइल क्रमांक नमूद करून वकिलामार्फत अर्ज द्यावा, पोच जपून ठेवावी. पत्ता उघड होण्यात जिवाची भीती वाटत असल्यास तेही न्यायालयापुढे मांडावे.

त्या भगिनींना नवा पत्ता मिळाला तो एका लग्नात, दूरच्या नातेवाइकाकडून. वॉरंट परत आल्यानंतर त्यांनी पुन्हा अर्जच केला नव्हता. मध्ये चौदा महिने उलटले होते. त्यांतील आरंभीच्या दोन महिन्यांची रक्कम मुदतीबाहेर गेली.