घर चाललं घाटात!

शुक्रवारी फेज थ्रीमधून सुटायचं आणि माण, पौड करत थेट ताम्हिणी! नवीकोरी कॅम्परव्हॅन दारात आली की हा प्लॅन शिजणारच. राज्याच्या पर्यटन विभागानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलंय. पण बॉस, पहिली रात्र घाटात नको, सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढा. काही बिनसलंच, तर लिफ्ट समोरच आहे!

कागद : साध्या व्हॅनमध्ये सुताराकडून बेड ठोकून घेताय? थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. आधी आरटीओत विचारा.

बॅटरी : इंजिनची वेगळी, घराची वेगळी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे साधारण १२०० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची. त्यावर लॅपटॉप दहा तास सहज चालेल. एक किलोवॉटचा एसी लावलात, तर अर्ध्या तासात खेळ खल्लास!

पाणी : एक लिटर म्हणजे एक किलो. ८० लिटरची भरलेली टाकी म्हणजे गाडीत एक जादा माणूस. घाट उतरताना न्यूट्रल अजिबात नाही, खालचा गिअर टाका. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात. सांडपाणी टाकीतच साठवा, मुळशीच्या काठावर नको.

गॅस : दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; झोपेतच घात होतो.

पार्किंगमधली रात्र निवांत गेली? मग पुढचा वीकेंड ताम्हिणीत!