दूरस्थ डेस्कटॉप सेवा : पासवर्डची व्याप्ती व मर्यादा

लिनक्स संगणकाचा डेस्कटॉप दुसऱ्या ठिकाणाहून हाताळण्यासाठी व्हीएनसी ही सेवा वापरली जाते. तिचा पासवर्ड ‘व्हीएनसीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने निश्चित करतात. या सेवेच्या मूळ प्रमाणीकरण पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जातात. आपण २० अक्षरे योजली, तरी उरलेल्या १२ अक्षरांनी सुरक्षितता वाढत नाही.

जोडणीच्या वेळी सर्व्हर १६ बाइटांचे यादृच्छिक आव्हान पाठवतो. आपला संगणक पासवर्डलाच किल्ली मानून ते कूटबद्ध करतो व परत पाठवतो. त्यामुळे प्रत्यक्ष पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही. मात्र त्यानंतर पडद्यावरील चित्रे आणि आपण टंकलेला मजकूर मूळ पद्धतीत उघडाच प्रवास करतो. सर्व्हरवरील पासवर्डची फाइलही सर्वज्ञात किल्लीने झाकलेली असते. म्हणून ती वाचण्याची परवानगी केवळ तिच्या मालकास असावी.

सारांश, केवळ पासवर्डवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. सेवा ‘लोकलहोस्ट’पुरती मर्यादित ठेवावी आणि पहिल्या डिस्प्लेचे ५९०१ हे पोर्ट एसएसएचच्या बोगद्यातूनच वापरावे.

स्वयंअध्ययन प्रश्न : पासवर्ड नेटवर्कवरून जात नसतानाही एसएसएचची आवश्यकता का भासते?