एक घर, अनेक याद्या : यावलची खावटी आणि निर्वासितांची रोख मदत

निर्वासितांना धान्याची पोती, ब्लँकेटे आणि भांडी वाटण्याऐवजी थेट रोख रक्कम द्यावी, हा विचार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मदतकार्याच्या जगात रुजला. कारण घरदार सोडून आलेल्या कुटुंबाला आज औषध हवे, खोलीचे भाडे हवे की मुलासाठी चपला हव्यात, हे त्या कुटुंबाइतके दुसऱ्या कोणालाही कळत नाही. परंतु पोत्यांपेक्षा पैसा पोहोचवणे सोपे असल्यामुळे तो देणारे हातही वाढले, आणि कोणी, कोणाला, किती व कोणत्या यादीवरून द्यायचे हा नवाच प्रश्न उभा राहिला. सीरियातील युद्धामुळे लेबनॉनमध्ये आलेल्या निर्वासितांसाठी २०१४ च्या अखेरीस तीस मदतसंस्था चौदा वेगवेगळ्या कारणांसाठी रोख रक्कम किंवा कूपन देत होत्या. हिवाळ्यासाठी वेगळी मदत, अन्नासाठी वेगळी, कायदेशीर कामासाठी आणखी वेगळी. ज्या कुटुंबासाठी हा सारा खटाटोप होता, त्याची गरज मात्र एकच आणि अखंड होती.

या गोंधळातून जी व्यवस्था आकाराला आली तिला रोख मदत कार्यगट म्हणतात. एखाद्या देशात किंवा प्रदेशात रोख मदत देणाऱ्या सगळ्या संस्था एका टेबलाभोवती बसतात आणि प्रामुख्याने तीन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे किमान खर्चाची टोपली, अर्थात त्या भागात एका कुटुंबाला महिनाभर तग धरण्यासाठी लागणाऱ्या अन्न, इंधन, भाडे, औषध व प्रवास यांची प्रत्यक्ष बाजारभावाने केलेली बेरीज, जिच्यावरून मदतीची रक्कम ठरते. दुसरी म्हणजे याद्यांचा मेळ, ज्यातून एकच नाव दोनदा आलेले दिसते आणि कुठेच न आलेले नावही दिसते. तिसरी म्हणजे पैसे पोहोचवण्याची एकच वाट. लेबनॉनमध्ये २०१६ पासून संयुक्त राष्ट्रांच्या प्रमुख संस्थांनी सामायिक कार्ड आणले. तुर्कस्तानात त्याच वर्षी युरोपीय संघाच्या निधीतून जागतिक अन्न कार्यक्रम व तुर्की रेड क्रेसेंट यांनी एकाच कार्डावर, कुटुंबातील माणशी ठरावीक रक्कम देणारी योजना सुरू केली, जी पुढे दहा लाखांहून अधिक निर्वासितांपर्यंत पोहोचली. २०२२ मध्ये या समन्वयाची जबाबदारी कोणाकडे असावी याचाही आंतरराष्ट्रीय आराखडा ठरला आणि निर्वासितांच्या बाबतीत ती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे आली.

मराठी मुलखाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीतून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया व मुलांची, छावणी १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. तिथे सामुदायिक भटारखान्याऐवजी कुटुंबांना मासिक भत्ता मिळे, बायका स्वतः स्वयंपाक करत आणि सामान स्थानिक व्यापाऱ्यांकडून घेत. जमीन कोल्हापूर संस्थानची, कारभारावर देखरेख हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारचा, अशी ही तिहेरी रचना होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावर पैशाचा मूळ स्रोतच नाहीसा झाला आणि जबाबदारी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाकडे गेली. छावणी १९४८ मध्ये मोकळी झाली आणि त्याच जागेवर फाळणीतून आलेले सिंधी बांधव वसले. आजचे गांधीनगर ते हेच.

खानदेशात, यावल तालुक्यात, ज्यांच्यापुरता मदतीच्या ताळमेळाचा हा प्रश्न आज जिवंत आहे ती कुटुंबे कायद्याच्या अर्थाने निर्वासित नाहीत. सातपुड्याच्या रांगेतील लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या, उसमळी अशा वस्त्यांतील पावरा व बारेला आणि पायथ्याच्या गावांतील तडवी भिल्ल कुटुंबे आपल्याच देशात, बहुतेक आपल्याच जिल्ह्यात राहतात. तरीही वर्षातील काही महिने मजुरीसाठी घर सोडणे, कागदपत्रे अपुरी असणे, बाजार व बँक लांब असणे आणि अनेक कार्यालयांच्या याद्यांत तुटक तुटक विखुरलेले असणे, या चारही बाबतींत त्यांची अवस्था निर्वासित कुटुंबाशी जुळते. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी विकासाच्या योजना ज्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून राबवल्या जातात ते यावललाच असल्यामुळे हा ताळमेळ कसा बसतो किंवा फसतो, हे तेथे नीट पाहता येते.

त्यासाठी खावटीचे उदाहरण घेऊ. पावसाळा सुरू झाल्यापासून खरिपाचे पीक हाती येईपर्यंत घरातील कणगी रिकामी असते, आणि त्या काळात सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून दिली जाणारी मदत ती खावटी. महाराष्ट्र आदिवासी आर्थिक स्थिती (सुधारणा) अधिनियम, १९७६ या कायद्याने आदिवासींशी होणाऱ्या खासगी खरेदी-विक्रीवर व सावकारीवर बंधने आणली. सावकाराचा दरवाजा बंद करायचा तर दुसरा उघडा हवा, या न्यायाने १९७८ पासून खावटी कर्ज योजना सुरू झाली आणि ती १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत राबवली गेली. घरातील माणसांच्या संख्येनुसार कर्जाची रक्कम २,००० ते ४,००० रुपयांपर्यंत ठरे. पुढे २०१३-१४ च्या सुमारास ही योजना बंद पडली.

कोरोनाच्या टाळेबंदीने रोजगार बुडाल्यावर राज्य सरकारने २०२०-२१ या एका वर्षासाठी ती नव्या रूपात आणली : कर्जाऐवजी शंभर टक्के अनुदान, कुटुंबामागे ४,००० रुपये, त्यांपैकी २,००० बँक किंवा टपाल खात्यात आणि २,००० रुपयांच्या वस्तू. लाभार्थी कुटुंबे ११ लाख ५५ हजार होती. २०१९-२० या वर्षात रोजगार हमीवर किमान एक दिवस काम केलेल्या आदिवासी मजुरांची ४ लाख, आदिम जमातींची २ लाख २६ हजार, पारधी समाजाची ६४ हजार, वैयक्तिक वनहक्क मिळालेली १ लाख ६५ हजार आणि विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, भूमिहीन अशा प्रकल्प कार्यालयाने निवडायच्या गरजूंची ३ लाख, अशी ती विभागणी होती. प्रत्यक्ष लाभाचे ४६२ कोटी आणि प्रशासकीय खर्च धरून ४८६ कोटी रुपयांची ही तरतूद होती.

योजनेचा हेतू निर्मळ होता आणि रक्कमही नगण्य नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. पण समन्वयाच्या कसोटीवर तिचे दोष ठळक दिसतात. जुन्या कर्जयोजनेत निदान खाणाऱ्या तोंडांचा विचार होता. नव्या अनुदानात तीन माणसांच्या व नऊ माणसांच्या घराला सारखीच रक्कम मिळाली, आणि ती ठरवताना यावलच्या बाजारातील तेल-डाळीचा भाव कोणी मोजला असे दिसत नाही. निवडीचे निकष हे मुळात इतर खात्यांच्या याद्या होत्या. रोजगार हमीच्या हजेरीपटावर तेच मजूर येतात जे गावात राहतात. उचल घेऊन मुकादमाबरोबर ऊसतोडीला गेलेले कुटुंब, म्हणजे ज्याची टाळेबंदीत सर्वांत अधिक ससेहोलपट झाली ते, त्या पटावर सापडण्याची शक्यता सर्वांत कमी. वनहक्काची यादी मंजूर दाव्यांची. ज्यांचा दावा अपिलात पडून आहे त्यांचे पोट मात्र अपिलाची वाट पाहत नाही. त्यात जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशातून आलेल्या बारेला घरांसाठी तो आणणे ही वर्षानुवर्षांची पायपीट आहे.

मदतीचे रूप कोणते असावे, हा वादही तेव्हा रंगला. श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित यांच्यासह अनेकांनी पूर्ण रक्कम खात्यात द्यावी अशी मागणी केली. सरकारने मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, डाळी, साखर, शेंगदाणा तेल, मिरची, मसाला, मीठ व चहा यांचे किट कायम ठेवले. वस्तूंची खरेदी, वाहतूक आणि गुणवत्तेची तपासणी या साऱ्यात वेळ गेला, आणि २०२० च्या उपासाच्या महिन्यांसाठी आखलेली मदत बहुतेक घरांत २०२१ उजाडल्यावर पोहोचली. खावटीचा सगळा अर्थ तिच्या वेळेत असतो. त्या दृष्टीने हा उशीर रकमेतील कपातीपेक्षाही मोठा दोष होता.

तथापि केवळ रोख हे उत्तर मानणेही भाबडेपणाचे ठरेल. डोंगरावरील पाड्यातील बाई खात्यात आलेले दोन हजार काढायला निघते तेव्हा जीपचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्या रकमेतूनच वजा होते. बँक मित्राच्या यंत्रावर, केळीच्या बागेत राबून झिजलेल्या अंगठ्याची रेघ उमटत नाही. उमटली तर नेटवर्क नसते. दोन्ही जुळले तर खाते वापराअभावी बंद पडलेले निघते किंवा आधार भलत्याच खात्याशी जोडलेले असल्याने पैसे तिकडे गेलेले असतात. एका कुटुंबाची एका खात्यासाठीची ही यातायात प्रत्येक योजनेसाठी नव्याने करावी लागते.

आणि योजना तर अनेक आहेत. २०२० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत केंद्र सरकारने महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये टाकले. नोंदणीकृत बांधकाम मजुरांना राज्याच्या मंडळाने २,००० रुपये दिले. निराधारांना संजय गांधी योजनेचे पैसे येत होते, शेतकऱ्यांना किसान सन्मानचा हप्ता. महसूल, कृषी, कामगार, महिला व बालविकास, आदिवासी विकास अशी ही वेगवेगळी खाती, आणि प्रत्येकाची यादी वेगळी. अलीकडे याद्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे तंत्र सरकारने आत्मसात केले आहे, यात शंका नाही. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू लागले, तेव्हा दुसऱ्या शासकीय योजनेतून तितकीच रक्कम घेणाऱ्या स्त्रीला वगळण्यात आले आणि किसान सन्मान व नमो शेतकरी या दोन्हींचे मिळून महिना १,००० रुपये घेणाऱ्यांना फरकाचे ५०० देण्यात आले. म्हणजे दुबार नाव शोधून रक्कम कापण्याइतका समन्वय आपल्याकडे आहे. एकाही यादीत नसलेले घर शोधून त्याला आत घेण्याइतका तो नाही, आणि निर्वासितांच्या क्षेत्रातील कार्यगटांपासून शिकण्यासारखे मुख्य काही असेल तर ते हेच दुसरे अंग आहे.

यासाठी नवे कार्यालय काढण्याची किंवा नवे अॅप आणण्याची गरज नाही. यावल, रावेर व चोपडा तालुक्यांतील काही गावे आणि सातपुडा राखीव वनक्षेत्रातील गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आलेली आहेत, आणि अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा, म्हणजे अशा क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, लागू होतो. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने दारिद्र्यनिर्मूलनाच्या व इतर कार्यक्रमांतील लाभार्थी ठरवण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली आहे. प्रकल्प अधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी व बँकेचे प्रतिनिधी यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा, सर्व खात्यांच्या याद्या एकत्र करून प्रत्येक पाड्याच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचल्या, तर कोणाचे घर वगळले गेले हे सांगायला तेथे पन्नास माणसे उभी राहतील. त्यासाठी लागणारा कायदा अस्तित्वात आहे, निधीची शीर्षे अस्तित्वात आहेत आणि कार्यालय यावलमध्येच आहे; पुढील मृगाआधी या याद्यांचे एकत्रित वाचन व्हावे, अशी मागणी जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी आणि आदिवासी संघटनांनी आतापासूनच लेखी नोंदवून ठेवावी.