मार्केट यार्डला माल नेताय? सरासरी वेगाचा हिशोब असा लावा

वाघोली : शिरूरहून निघालेला भाजीचा टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किती वाजता पोचेल, हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. दोष गाडीचा नसतो, हिशोबाचा असतो.

सोपे आकडे धरू. शिरूर ते वाघोली ५० किलोमीटर, वेग ताशी ५०. पुढं केसनंद फाटा, खराडी बायपास करत २० किलोमीटर, गर्दीत वेग ताशी १०. बरेच जण ५० आणि १० ची बेरीज करून निम्मे करतात, म्हणजे ३०. त्या हिशोबाने ७० किलोमीटरला २ तास २० मिनिटं लागायला हवीत. पण घड्याळ बघा. पहिल्या टप्प्याला १ तास, दुसऱ्याला २, एकूण ३ तास. ७० भागिले ३, म्हणजे सरासरी २३ च्या आसपास. ४० मिनिटं उशीर, तोवर चांगलं गिऱ्हाईक निघून जातं.

बेरीज करून निम्मे करणं तेव्हाच जमतं, जेव्हा दोन्ही वेगांनी गाडी सारखाच वेळ चालते. इथं तर गर्दीतच दुप्पट वेळ जातो.

मोकळ्या रस्त्याला ६० ने दामटली तरी १० मिनिटंच वाचतात. उलट गर्दीआधी वाघोली ओलांडली आणि पुढं ताशी २० जरी मिळाले, तरी अख्खा तास वाचतो. वाटेत चहाला थांबलात तर तोही वेळ धरायचा बरं का!